मिश्र त्वचेसाठी नैसर्गिक दिनक्रम: कुठे, काय आणि किती

दुपार होईतो कपाळ आणि नाक चमकायला लागते आणि त्याच चेहऱ्यावरचे गाल ओढल्यासारखे वाटतात. तेलकट त्वचेचा फेसवॉश आणला की गालांची सालपटे निघतात. कोरड्या त्वचेची क्रीम आणली की हनुवटीवर पुटकुळ्या येतात. मिश्र त्वचेचा हा नेहमीचा पेच आहे. तो सोडवायला दोन स्वतंत्र संच विकत घ्यावे लागत नाहीत. बहुतेक वस्तू सगळ्या चेहऱ्याला त्याच चालतात. वेगळे ठेवायचे ते प्रमाण आणि लावायची जागा.

कपाळ, नाक आणि हनुवटी या पट्ट्याला टी-झोन म्हणतात. इथे तैलग्रंथी गालांपेक्षा दाट आणि मोठ्या असतात. त्या किती तेल सोडणार हे मुख्यतः हार्मोन्स आणि आनुवंशिकता ठरवतात. त्यामुळे ‘तेल कायमचे बंद करणारा’ लेप असे काही नसते. साचलेले तेल उतरवता येते, रोमछिद्रे तुंबू न देणे जमते आणि गालांतले पाणी टिकवता येते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने एवढेच उद्दिष्ट ठेवावे.

‘नैसर्गिक’ या शब्दाला बाटलीवर फारशी किंमत नसते, तो कुणीही छापू शकतो. या लेखापुरता त्याचा अर्थ असा: वनस्पती किंवा खनिजांपासून आलेले मोजके घटक, सुगंध नाही, आणि प्रत्येक घटक का लावतो हे सांगता येईल एवढी छोटी यादी. जिथे घरी बनवण्यापेक्षा तयार वस्तू बरी, तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

1. आधी त्वचा खरोखर मिश्र आहे का ते पाहा

सौम्य क्लेन्झरने चेहरा धुवा, टिपून कोरडा करा आणि तासभर काहीही लावू नका. मग पातळ टिश्यूचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गालांवर काही सेकंद दाबून धरा. टी-झोनच्या तुकड्यांवर पारदर्शक डाग आणि गालांचे तुकडे कोरडे किंवा जेमतेम ओले, तर त्वचा मिश्र. सगळीकडे डाग असतील तर ती तेलकट. कुठेच डाग नसेल तर कोरडी किंवा सर्वसाधारण.

ही चाचणी दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करा. साबणाने धुतल्यावर केलीत तर निकाल फसवा येतो. त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच (आम्लधर्म मोजणारा आकडा, जितका कमी तितके जास्त आम्लधर्मी) साधारण 4.7 ते 5.5 असतो आणि साध्या साबणाचा 9 ते 10. त्या फरकामुळे गाल तात्पुरते कोरडे पडतात. कित्येकांची ‘मिश्र’ त्वचा साबण सोडल्यावर बरीचशी ताळ्यावर येते.

आणखी एक गोष्ट इथेच तपासा. नाकाच्या बाजूच्या खाचा, भुवया किंवा केसांच्या कडेला लालसर त्वचेवर पिवळट, तेलकट खपल्या दिसत असतील, तर तो कोरडेपणा नसून सेबोरिक डर्मटायटिस हा त्वचेचा दाह असू शकतो. त्यात मॅलेसेझिया नावाच्या बुरशीचा हात असतो आणि ही बुरशी तेलातल्या मेदाम्लांवर पोसली जाते. खपल्या पाहून माणूस तेल चोळतो आणि खपल्या वाढतात. असे दिसले तर हा दिनक्रम बाजूला ठेवा आणि आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

2. सामान जमवा

- साबणविरहित, बिनसुगंधी, कमी फेसाचा क्लेन्झर
- गुलाबपाणी. घटकांत अल्कोहोल आणि वेगळा सुगंध नसलेले
- ग्लिसरीन, छोटी बाटली
- जोजोबा तेल किंवा वनस्पतिजन्य स्क्वालेन, 30 मिली
- परिरक्षक (जंतू वाढू न देणारा घटक) घातलेले, बिनसुगंधी कोरफडीचे जेल
- केओलिन ही पांढरी माती किंवा मुलतानी माती
- साधे, बिनसाखरेचे, बिनचवीचे ओट्स
- झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन, एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) 30 किंवा जास्त
- 5 मिलीचा मापाचा चमचा, 1 मिलीपर्यंत खुणा असलेली सुई नसलेली सिरिंज, गडद काचेची स्प्रे बाटली, दोन-तीन मऊ रुमाल, आणि बाटल्यांवर तारीख लिहायला चिकटपट्टी

लेबल वाचताना घटकांचा क्रम पाहा. जास्त प्रमाणात असलेला घटक आधी, असा तो उतरत जातो. फक्त 1 टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक शेवटी कसेही लिहिता येतात. ‘कोरफड क्रीम’ म्हणून विकलेल्या डबीत कोरफड यादीच्या तळाशी, सुगंधाच्या शेजारी बसलेली असेल, तर नाव कोरफडीचे आणि पैसे सुगंधाचे. उघड्या डबीच्या चित्रात 6 किंवा 12 आकडा असतो. उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू वापरायची.

जोजोबाच का? रासायनिकदृष्ट्या ते तेल नसून द्रवरूप मेण आहे आणि मेणाचे तसलेच एस्टर आपल्या त्वचेच्या तेलातही असतात. ते लवकर खवट होत नाही. खोबरेल चेहऱ्यावर नको, मुरुम येणाऱ्या त्वचेत ते रोमछिद्रे तुंबवते. ऑलिव्ह तेलातले ओलेइक आम्ल त्वचेचा वरचा संरक्षक थर सैल करते. सूर्यफूल तेलात लिनोलेइक आम्ल जास्त असते म्हणून ते गालांना मानवते, पण बाटलीवर ‘हाय ओलेइक’ लिहिले असेल तर तो वाण वेगळा, तो घेऊ नका.

3. पॅच टेस्ट करा, प्रत्येक वस्तूची वेगळी

कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर वस्तू दिवसातून दोनदा, सलग 7 दिवस लावा. धुवून टाकायची वस्तू, म्हणजे क्लेन्झर किंवा माती, चेहऱ्यावर जितका वेळ ठेवणार तितकाच वेळ ठेवून धुवा.

एका रात्रीत निकाल लावण्याची घाई महागात पडते. जळजळ करणारी वस्तू काही मिनिटांत कळते, पण ॲलर्जीची प्रतिक्रिया बऱ्याचदा 24 ते 72 तासांनी उमटते, आणि पहिल्या संपर्कात तर कधी उमटतच नाही. सातव्या दिवशी खाज, लाली, बारीक पुरळ काही नसेल तर जबड्याच्या कडेला दोन दिवस लावून बघा. मग चेहरा.

4. सकाळ

धुणे. कोमट पाणी घ्या, गरम नको. हरभऱ्याएवढा क्लेन्झर तळहातावर पाण्यात फेटून आधी नाक, कपाळ आणि हनुवटीला लावा. बोटांच्या टोकांनी 30 सेकंद, नाकपुडीच्या वळणात जरा जास्त. गालांना शेवटच्या 5-10 सेकंदांत नुसता उरलेला फेस लागू द्या. गाल फारच कोरडे असतील तर सकाळी त्यांना फक्त पाणी. रुमालाने पुसायचे नाही, टिपायचे, आणि त्वचा दमट असतानाच पुढे जायचे.

ओलावा. 19 मिली गुलाबपाण्यात 1 मिली ग्लिसरीन घालून हलवा. हे झाले 5 टक्क्यांचे मिश्रण. दमट चेहऱ्यावर दोन-तीन फवारे पुरेत. ‘अर्धे ग्लिसरीन, अर्धे गुलाबपाणी’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. ग्लिसरीन पाणी ओढून घेते, आणि दाट थर कोरड्या हवेत ते पाणी त्वचेतूनच ओढतो. शिवाय टी-झोन दिवसभर चिकट राहते आणि धूळ बसते ती वेगळी. गुलाबपाण्यानेच चुरचुरत असेल तर त्याच्या जागी डिस्टिल्ड पाणी वापरा, मात्र त्यात परिरक्षक नसल्याने मिश्रण फ्रिजमध्ये ठेवून 2 दिवसांत संपवायचे.

जेल आणि तेल. सगळ्या चेहऱ्याला कोरफड जेलचा पातळ हात द्या. ते शोषले जाण्याआधी जोजोबाचे 2 थेंब बोटांवर चोळून फक्त गालांवर दाबा. टी-झोनला वेगळे तेल नको. तेलात पाणी नसते, ते आधीच असलेले पाणी अडवते एवढेच. म्हणून कोरड्या गालावर नुसते तेल लावले की वरून चमक आणि आतून ओढ असा प्रकार होतो आणि माणूस आणखी तेल ओततो.

सनस्क्रीन. हे घरी बनवू नका. झिंक ऑक्साइडची भुकटी क्रीममध्ये कालवली तर तिच्या गुठळ्या होतात, मधली त्वचा उघडी राहते, आणि डोळ्यांना ते दिसत नाही. गाजराचे, रासबेरीच्या बियांचे किंवा खोबरेल तेल सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही. तयार सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर पट्ट्या येतील इतके घ्या, ते चेहरा आणि मानेला पुरते. एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम या जाडीवर मोजलेला असतो. निम्मे लावले की संरक्षणही घटते. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. नाक फार चमकत असेल तर आधी टिश्यूने टिपा, त्यावर पावडरचे थर चढवू नका.

5. रात्र

झिंकचे सनस्क्रीन पाण्याने सुटत नाही आणि फेसवॉशच्या एका हाताने पुरते निघत नाही. नाकाच्या कडेला राहिलेला पांढुरका थर हे हनुवटी-नाकावरच्या बारीक पुळ्यांचे एक कारण असू शकते. म्हणून कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हातांनी अर्धा चमचा जोजोबा किंवा सूर्यफूल तेल लावून मिनिटभर हलके फिरवा. कोमट पाण्यात पिळलेल्या रुमालाने टिपून घ्या. मग सकाळसारखाच क्लेन्झर, या वेळी गालांनाही 15 सेकंद. सनस्क्रीन उतरवायला लावलेले हे तेल चेहऱ्यावर रात्रभर सोडायचे नाही. रुमाल रोज धुतलेला हवा.

त्यानंतर फवारा, जेल, आणि गालांवर 3 थेंब तेल. हवा दमट असेल तर 1 थेंब किंवा काहीच नाही. कोरड्या, थंड हवेत 4 थेंबांपर्यंत जा. तळहातावर जे उरेल ते मानेला लावा, नाकाला नको.

6. आठवड्यातून एकदा: दोन लेप, एकाच वेळी

मिश्र त्वचेला खरा फरक इथे दिसतो, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होते. पूर्ण चेहऱ्यावर माती फासून ती तडकेपर्यंत बसणे, ही चूक जवळपास प्रत्येक नवखा करतो.

गालांसाठी: ओट्स मिक्सरमध्ये पीठ होईपर्यंत दळा. चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात टाकून ढवळा. पाणी दुधाळ झाले तर दळण जमले, तळाशी कण बसले तर पुन्हा फिरवा. दोन चमचे पिठात तीन चमचे कोमट पाणी घालून 5 मिनिटे मुरू द्या. त्यातल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूमुळे लेप बुळबुळीत होतो आणि ओलावा धरतो. खाजऱ्या त्वचेवर ओट्सचा उपयोग नुसता आजीबाईचा बटवा नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2003 मध्ये कोलॉइडल ओटमीलला, म्हणजे अशाच बारीक दळलेल्या ओट्सना, त्वचा-संरक्षक म्हणून मान्यता दिली. ग्लूटेनची किंवा ओट्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी हा लेप वगळावा.

टी-झोनसाठी: दोन चमचे मातीत पाणी थेंबाथेंबाने घाला, साधारण दीड ते दोन चमचे लागते. चमचा उलटा केला की लेप सावकाश घसरावा, पाण्यासारखा वाहू नये. केओलिन सौम्य आहे, नवख्याने तीच घ्यावी. मुलतानी माती तेल जास्त शोषते, म्हणून फक्त नाक आणि कपाळाच्या मधोमध.

आधी गालांवर ओट्स, मग टी-झोनवर माती. दोन्हींच्या मध्ये बोटभर रिकामी जागा सोडा. 8-10 मिनिटांत मातीची कड फिकी पडते आणि मधला भाग अजून ओलसर दिसतो. हाच धुण्याचा क्षण. पूर्ण वाळलेली माती तेलाबरोबर पाणीही ओढते आणि ती काढताना त्वचा घासली जाते. आधी ओल्या रुमालाने लेप भिजवून पुसा, मग पाणी. रुमाल बादलीत खळबळा, बेसिनमध्ये नाही, नाहीतर पाइपात माती बसते. लगेच फवारा आणि जेल लावा.

नाकावरचे बारीक करडे ठिपके मातीने पूर्ण जात नाहीत म्हणून निराश होऊ नका. एकसारखे, सपाट, जवळजवळ असलेले ठिपके बहुधा ब्लॅकहेड्स नसतात. रोमछिद्रांत तेल वर आणणारे ते नेहमीचे धागे असतात. दाबून काढले तरी काही आठवड्यांत पुन्हा भरतात, आणि दाबल्याने छिद्र सैल पडते.

खरे ब्लॅकहेड्स असतील, म्हणजे उंचवट्याचे, गडद, विखुरलेले, तर नैसर्गिकचा हट्ट थोडा सैल करा. 2 टक्के सॅलिसिलिक आम्ल आठवड्यातून दोन रात्री फक्त टी-झोनला लावल्याने जे होते ते मातीच्या दहा लेपांनी होत नाही. ते तेलात विरघळते म्हणून छिद्रात शिरते. विलो या झाडाच्या सालीचा अर्क त्याची बरोबरी करत नाही. मातीच्या रात्री ते लावू नका, आणि गर्भवती असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

7. सगळे एकदम सुरू करू नका

पहिले दोन आठवडे फक्त क्लेन्झर आणि सनस्क्रीन, आणि ते उतरवायला रात्रीचे तेल. तिसऱ्या आठवड्यात जेल. चौथ्यात फवारा, पाचव्यात गालांवरचे तेल, सहाव्यात लेप. सात वस्तू एकाच दिवशी आणल्या आणि पाचव्या दिवशी पुरळ आला, तर दोषी कोण हे कुणालाच सांगता येत नाही.

त्वचेचा वरचा थर तरुणपणी साधारण चार आठवड्यांत बदलतो, वय वाढेल तसा जास्त वेळ लागतो. म्हणून फायदा 6-8 आठवड्यांनी जोखा. त्रास मात्र त्याच दिवशी. ‘आधी वाईट होते, मग सुधारते’ हे काही आम्लांच्या आणि रेटिनॉइड या अ-जीवनसत्त्वाशी संबंधित घटकांच्या बाबतीत खरे असू शकते, कारण ते पेशी झडण्याचा वेग वाढवतात. तेल, जेल किंवा मातीमुळे नवीन जागी पुटकुळ्या आल्या तर ती वस्तू मानवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

8. घरी केलेले किती दिवस टिकते

पाणी आले की जंतू आले. ओट्स आणि मातीचा ओला लेप त्याच वेळी संपवा, उरलेला फेका. गुलाबपाण्याचा फवारा फ्रिजमध्ये आठवडाभर, डिस्टिल्ड पाण्याचा 2 दिवस. ताजी कोरफड वापरायची असेल तर कापलेले पान 10-15 मिनिटे उभे ठेवून पिवळा चीक गळू द्या, तो त्वचेला खाजवतो. मग सोलून, गर धुऊन घ्या, आणि फ्रिजमध्ये 2 दिवसांपलीकडे ठेवू नका. वास, रंग बदलण्याची वाट बघू नका, जंतू त्याआधीच वाढलेले असतात.

ई-जीवनसत्त्वाची कॅप्सूल घातली की मिश्रण टिकते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. ते तेल खवट होणे लांबवते. जंतूंवर त्याचा काही परिणाम नाही.

9. या गोष्टी चेहऱ्यापासून लांब ठेवा

लिंबाचा रस. पीएच 2 ते 2.5, म्हणजे त्वचेपेक्षा कित्येक पटींनी आम्लधर्मी. शिवाय लिंबूवर्गीय फळांतल्या फ्युरोकौमारिन्स या रसायनांमुळे ऊन लागताच भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. डाग घालवायला लावलेले लिंबू असे डाग देऊन जाते.

खायचा सोडा. पीएच 8 च्या वर. आज नाक गुळगुळीत लागते, आठवड्याने गाल सोलतात.

अक्रोडाच्या सालीचे, साखरेचे, भरड पिठाचे स्क्रब. टी-झोनला घासायला सुरुवात होते आणि हात आपोआप गालांवर जातो.

सुगंधी तेले थेट त्वचेवर. टी-ट्री तेल पुळीवर लावायचेच असेल तर 10 मिली जोजोबात 10 थेंब, म्हणजे अंदाजे 5 टक्के, आणि तेही फक्त त्या पुळीवर. बाटली जुनी झाली की तेलाचे ऑक्सिडेशन होते आणि ॲलर्जीची शक्यता वाढते. तारीख लिहायची चिकटपट्टी इथे कामाला येते.

बावचीचे कच्चे तेल. बावचीपासून मिळणारा बाकुचिओल हा शुद्ध केलेला घटक रेटिनॉलला पर्याय म्हणून वापरतात, त्यामुळे नावावरून लोक बियांचे तेलच आणतात. त्यात सोरालेन हे याच गटातले रसायन असते आणि उन्हात त्वचा भाजते.

10. डॉक्टरांकडे कधी जायचे

वस्तू बंद करूनही लाली, सूज किंवा खाज दोन-तीन दिवसांत उतरली नाही. गाठीसारखे, दुखणारे मुरुम जबड्यावर वारंवार येत आहेत. गाल आणि नाक कायम लाल, रक्तवाहिन्या दिसू लागल्या आणि भगभग होते. डोळ्यांभोवती किंवा ओठांना सूज आली, तर वाट न पाहता त्याच दिवशी. जाताना वापरत असलेल्या सगळ्या वस्तू किंवा त्यांच्या घटकांच्या यादीचे फोटो सोबत न्या, आणि कोणती कधी सुरू केली ते लिहून ठेवा.